रक्त आणायला खान्देशात

माणसं प्रवासाला निघतात ती देवदर्शनाला, हवापालटाला, नाहीतर शेजारचे जाऊन आले म्हणून. मी खान्देशात गेले ती रक्त आणायला, आणि तेही भर वैशाखात. त्या दिवसांत धुळ्या-जळगावचे लोकसुद्धा दुपारी घराबाहेर पडत नाहीत. पडलेच तर तोंडाला असे रुमाल गुंडाळतात की सगळं गाव दरोडा घालायला निघाल्यासारखं दिसतं.

पुण्यात मी एका प्रयोगशाळेत काम करते. कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तातून गाठीच्या सुट्या पेशी शोधून काढणं हा आमचा धंदा. गाठ एका जागी गुमान बसून असते असं आपल्याला वाटतं, पण ती काही घरकोंबडी नसते. तिच्यातल्या काही पेशी सुटतात आणि रक्तात फिरायला लागतात. नळीभर रक्तात लाल पेशींची अब्जावधींची जत्रा आणि त्यात या भटक्या चार-दोन. कधी तेवढ्याही नाहीत. आम्ही रक्तात लोखंडाचे अतिसूक्ष्म मणी सोडतो. ते या पेशींच्या अंगाला चिकटले की बाहेरून लोहचुंबक लावून बयांना बाजूला ओढायचं. मग रंग लावून दुर्बिणीखाली बघायचं, की ही कुठल्या वळणाची आणि कुठल्या औषधाला घाबरते. सगळ्यांना सरसकट एकच औषध देण्यापेक्षा ज्याच्या पेशी त्याचं औषध, असा विचार. हे पक्कं ठरायला अजून वेळ आहे, म्हणून तर अभ्यास चालू आहे. आमचे सर मात्र परिषदेत हे असं सांगतात की काम कालच उरकलंय असं वाटावं.

आमच्याकडे पुण्या-मुंबईचंच रक्त फार झालं होतं. सरांना ग्रामीण रक्त हवं होतं. मी मूळची मिरजेची, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं ग्रामीणच. म्हणून माझी नेमणूक झाली.

धुळे

रक्ताच्या नळ्या साध्या नव्हत्या. आत एक औषध असतं, त्यानं पेशी काही दिवस जशाच्या तशा राहतात. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: थंड करू नका, तापवू नका, खोलीच्या तापमानाला ठेवा. कुठल्या खोलीच्या, ते काही लिहिलं नव्हतं. हे वाक्य लिहिणाऱ्या गृहस्थांना धुळ्याच्या लॉजमधली माझी खोली दाखवायला हवी होती. तिथं खोलीच्या तापमानाला अंडं उकडलं असतं. मी जाड भिंतींचा एक डबा आणला होता. त्यात गार नाही, गरम नाही अशा बेतानं ठेवलेल्या जेलच्या पिशव्या होत्या. तान्ह्या पोराला न्यावं तसा तो डबा काखोटीला मारून मी गावभर हिंडत होते.

धुळ्याचे रस्ते सरळ आहेत, आखून काढल्यासारखे. चुकायची सोय नाही, आणि सावलीचीही नाही. दुपारी एका खानावळीत शेवभाजी मागवली. आमच्याकडे तांबडा रस्सा म्हणजे पराक्रम असं आम्ही समजतो. इथल्या वाटीत वर तेलाचा बोटभर थर होता, खाली काळ्या मसाल्याचा डोह आणि त्यात बुडालेली जाड शेव. पहिल्या घासाला मिरजेचा अभिमान वितळला. दुसऱ्या घासाला मी मालकाकडे बघून नुसतीच मान हलवली, कारण बोलता येत नव्हतं. तो समाधानानं म्हणाला, "पहिल्यांदाच का मॅडम?"

इथल्या दवाखान्यातले कॅन्सरचे डॉक्टर मितभाषी होते. त्यांनी मला यमुनाअक्काची हकीकत सांगितली. सोनगीरची बाई. काही वर्षांपूर्वी छातीतली गाठ काढली होती. आता आजार पाठीच्या मणक्यात उतरलाय. जुन्या गाठीच्या तपासणीवरून ठरवलेलं औषध लागू पडत नाही.

"आजारानं सोंग बदललंय असा मला संशय आहे," डॉक्टर म्हणाले. "मणक्यात सुई घालून तुकडा काढला तर कळेल. पण बाई तयार नाही. म्हणते, पाठीत सुई घातली तर मी तुमच्या पाठीत विळा घालीन."

"मग रक्त?"

"रक्ताला तयार आहे. नुसत्या रक्तावरून मी औषध बदलणार नाही. पण रक्तात काही वेगळं दिसलं तर तिला सुईसाठी पटवता तरी येईल. पुढच्या आठवड्यात जुन्याच औषधाची फेरी ठरलीय. ती लागायच्या आत रक्त घ्या."

अक्का त्या दिवशी दवाखान्यात येणार होती. आली नाही. फोन केला तर तिकडून खणखणीत आवाज आला, "आखाजीले कोन दवाखानाम्हा जास? तूच ये."

सोनगीर

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी आमरस खातात आणि झोपतात. खान्देशात तो सासुरवाशिणींचा सण, दिवाळीला मागं सारणारा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, बायका गाणी म्हणतात. पूर्वी दोन गावांच्या बायका नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना यथेच्छ शिव्या द्यायच्या, असं कळलं. मला हे फार सुसंस्कृत वाटलं. आमच्याकडे वर्षभर शिव्या देतात आणि सणाला गोड बोलतात.

अक्काचा मुलगा भटूभाऊ मला हायवेवर न्यायला आला. केळी वाहणारी त्याची छोटी गाडी आहे. चाळिशीचा, धिप्पाड, बोलायला लाजरा. अक्का मात्र दाराशी खाटेवर पाठीला उशी लावून दरबार भरवल्यासारखी बसली होती. वाळलेली, कपाळभर कुंकू, डोक्यावर औषधांनंतर नुकते उगवलेले खुंटभर केस.

"ये माय, बस. पहिले जेव, मंग रगत ले."

मी म्हटलं, आधी रक्त घेऊ. तिनं ऐकलं, कारण तिला कामाची उत्सुकता होती. मी सगळं समजावून सांगितलं. भटक्या पेशी, मणी, लोहचुंबक. तिनं विचार केला.

"म्हन्जे मन्ही गाठन्या पोरी गावभर फिरी ऱ्हायन्यात?"

"तसंच काहीसं."

"मंग धरी आन त्यास्ले. मी पाहस."

औषधांनी तिच्या शिरा पार दडून बसल्या होत्या. एका हातात टोचलं, नाही. दुसऱ्यात टोचलं, नाही. तिची मुलगी संगीता भुसावळजवळच्या दीपनगरहून माहेरपणाला आली होती. तिनं तोंड फिरवलं. शेवटी कोपरापाशी एक शीर हाती लागली आणि नळ्या भरल्या. अक्कानं इतका वेळ हूं की चूं केलं नव्हतं. नळ्या भरल्यावर मात्र तिनं माझ्या गुरूंची, त्यांच्या गुरूंची आणि सुई शोधून काढणाऱ्याची एकत्र आठवण काढली. तिचे शब्द इथं छापता येणार नाहीत.

मग जेवण. खापरावरचे मांडे तुम्ही पाहिले नसतील तर सांगते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत उपरण्याएवढी करतात आणि चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरावर टाकतात. फाटत कशी नाही, हे न्यूटनालाच विचारायला हवं. त्यावर आमरस, त्यावर तूप. आमच्याकडे पाहुण्याला "अजून वाढू?" असं विचारतात. इथं विचारत नाहीत. ताट हातानं झाकलं तर हात बाजूला करून वाढतात.

ऊन उतरल्यावर संगीता म्हणाली, "चला, किल्ला दाखवते." डबा घरातल्या अंधाऱ्या खोलीत ठेवून मी निघाले. किल्ला फार उंच नाही, पण पोटात मांडे असले की तो सिंहगड होतो. वर पडकी तटबंदी, उन्हानं पांढरं पडलेलं गवत, आणि खाली मुंबई-आग्रा हायवेवर मुंग्यांसारखे ट्रक. कधीकाळी इथून वाटेवरच्या तांड्यांवर नजर ठेवत असतील. आता ट्रकवाले किल्ल्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांची नजर ढाब्यांवर.

वाऱ्याला उभ्या राहून संगीता सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "आईला पाठ दुखते म्हणून ती बसून झोपते. सांगत नाही कोणाला." मग पदर खोचून ती उतरायला लागली.

खाली आलो तर भटूभाऊ अंगणात घाम पुसत उभा. चेहऱ्यावर मोठं काम केल्याचा आनंद.

"मॅडम, तुमचा डबा थंडच नव्हता! हात लावून पाहिला मी. आतलं नासलं असतं ना. सरबताचा बर्फ होता, सगळा त्यात भरला. आता पुण्यापर्यंत काळजी नाही."

मी डबा उघडला. बर्फाच्या खड्यांत नळ्या कुल्फीसारख्या रुतून बसल्या होत्या. एकीला तडा गेला होता आणि कडेचा बर्फ गुलाबी झाला होता.

मला ओरडता आलं नाही. त्याच्या डोळ्यांत एवढं प्रेम होतं की ओरडायला तोंडच उघडेना. मी खाटेच्या कडेला बसले आणि सांगितलं, की हे रक्त गेलं. गारठ्यानं पेशी फुटतात. दुसरं घ्यावं लागेल. त्या खास नळ्या आता जळगावच्या रुग्णांपुरत्याच उरल्यात, पण त्यांतल्या दोन मी अक्कासाठी बाजूला काढीन.

भटूभाऊचा चेहरा बघवला नाही. अक्कानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या दंडाकडे. तिथं निळं-काळं झालं होतं.

"एकदाव दिधं ना? आते नही. मन्हा हात शे, हापसा नही."

मी विनवलं. संगीतानं विनवलं. अक्का भिंतीकडे तोंड फिरवून बसली. भटूभाऊ गाडीपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं मला बसस्टँडला सोडलं. मी उतरताना म्हणाला, "मीच मारलं ना मॅडम?"

मी म्हटलं, "नाही हो. एक संधी गेली, एवढंच." बसमध्ये बसल्यावर मला कळलं, की हे वाक्य त्याला काहीच उपयोगाचं नव्हतं.

जळगाव

जळगावला डाळीच्या गिरण्यांचा खमंग धुरळा आहे, पाइपांचे डोंगर आहेत आणि सोन्याची दुकानं आहेत. सराफ बाजारात भर दुपारी बायका अशा निवांत बसल्या होत्या, जणू बांगड्या बघणं हाच उन्हावरचा उतारा. खरा उतारा दुकानातला एसी होता. मीही एकात शिरले आणि डब्यासकट बसले. दुकानदारानं डब्याकडे बघून आदरानं विचारलं, "मोडायला आणलंय का ताई?" मी आत काय असतं ते सांगितलं. त्यानं मला पाणी दिलं आणि डबा काउंटरवरून खाली ठेवायची विनंती केली.

जेवायला मोठ्या हौसेनं भरीत मागितलं. वेटरनं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "मॅडम, भरीत थंडीत. आता कुठली वांगी?" उन्हाळ्यात जळगावात भरीत मागणारी बाई पुण्याचीच असणार, हे शेजारच्या टेबलानं मोठ्यानं ठरवलं. शेवटी शेवभाजीच आली. एव्हाना आमची ओळख झाली होती, बोलताही येत होतं.

इथल्या रुग्णांचं रक्त घेणं बिनबोभाट पार पडलं आणि ते कुरियरनं पुण्याला रवाना झालं. दोन नळ्या मी अजून डब्यात ठेवल्या होत्या. सरांचा फोन आला. मी अक्काची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "असं होतं. दुसरा रुग्ण बघा." बरोबरच होतं त्यांचं. अभ्यासात रुग्णाला रुग्ण मिळतो. मी "हो सर" म्हणून फोन ठेवला आणि परतीचं तिकीट काढायला बसले.

तेवढ्यात संगीताचा फोन. आखाजी झाली तशी ती आईला घेऊन दीपनगरला परतली होती, क्वार्टरमधल्या मोठ्या कूलरसाठी. "आई म्हणते, ये आणि घेऊन जा."

"तयार झाली? कशी?"

"ते तिलाच विचारा."

दीपनगर

भुसावळच्या अलीकडून पलीकडून कुठूनही जा, दीपनगरच्या चिमण्या आधी दिसतात. वीज केंद्राची वसाहत. एकसारखी घरं, रांगेत झाडं आणि प्रत्येक पानावर राखेची झिलई. एवढी वीज जिथं तयार होते तिथं पोचले तेव्हा लाइट गेलेली होती, असं लिहायचा मोह होतो, पण खोटं कशाला? लाइट होती, कूलर विमानासारखा गरजत होता आणि अक्का त्याच्या ऐन तोंडापुढं बसली होती. इथं बोलीही बदलते. सोनगीरचं 'शे' कानांना सरावत होतं, तोवर शेजारणी 'हाये' म्हणू लागल्या. अक्का त्यांना सोनगीरचंच शुद्ध कसं ते शिकवत होती.

कोपऱ्यात भटूभाऊ होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले.

अक्कानं हात पुढं केला. "ले. तुन्हा सायन्ससाठे नही दी ऱ्हायनी. भटूसाठे. तो भाकर खास नही, उपाशीच शे."

भटूभाऊ बाहेर निघून गेला.

मी कोमट पाण्यात फडकं भिजवून तिच्या हाताला गुंडाळलं. शिरा जराशा वर येतात त्यानं. इतकी वर्षं रक्त काढतेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा काढत असल्यासारखं झालं. दंडात टोचलं, नाही मिळालं. मी थांबले. म्हटलं, "अक्का, राहू दे. दुसऱ्यांदा टोचवत नाही मला."

"तुले टोचतस का माले?" ती म्हणाली. "घाल सुई."

मनगटाच्या मागं एक बारीक निळी रेघ दिसत होती. तिथं घातली. रक्त आलं. हळूहळू, कंजुषी करत, पण आलं. संगीतानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नळ्या भरल्या तशी मी त्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि मग मला रडू आलं. अक्का वैतागली. "रगत मन्हं गयं, आन रडस तू?"

बाहेर आले तर भटूभाऊ दारात. हात पाठीमागं धरलेले, जणू चुकून डब्याला लागतील. म्हणाला, "मी येतो पुण्यापर्यंत."

मी नको म्हटलं. तो चपला घालून तयार होता. भुसावळला गाडीत बसल्यावर त्यानं डबा मांडीवर घेतला आणि पुण्यापर्यंत पाठ टेकली नाही. चहावाल्याचा गरम कप जरा जवळ आला की तो डब्यावर हात आडवा धरी. मनमाडच्या अलीकडं मी संगीतानं दिलेली भाकरी आणि ठेचा सोडला. त्यानं डब्याकडे पाहिलं, मग भाकरीकडे. डबा माझ्या मांडीवर दिला आणि सगळं संपवलं.

पुणे

पेशी सापडल्या. बोटांवर मोजण्याइतक्या, पण होत्या. आणि त्यांच्या अंगावर एक खूण होती, जी जुन्या गाठीत नव्हती. दुर्बिणीला डोळा लावून मी तशीच बसून राहिले. शेजारची सहकारी म्हणाली, "झोपलीस का?"

धुळ्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते "हं" म्हणाले. त्यांच्या मानानं हा आनंदाचा चीत्कार होता. त्यांनी जुन्या औषधाची फेरी थांबवली आणि अक्काला सांगितलं, की आता सुई घालण्यात अर्थ आहे. अक्कानं विळ्याचं नाव काढलं नाही. नाशिकला जाऊन तिनं मणक्यातला तुकडा काढू दिला. तिथंही तीच खूण निघाली. त्या खुणेवर चालणारं औषध सुरू झालं.

आजार गेलेला नाही. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. पण पावसाळा सरता सरता संगीतानं कळवलं, की आई आडवी होऊन झोपायला लागलीय, आणि घोरते.

थंडीत एके दिवशी आमच्या रखवालदाराचा फोन आला, खाली कुणी बाई आलीय आणि ऐकत नाहीये. खाली गेले तर अक्का. मागं भटूभाऊ, हातात केळीचा घड. केस कानापर्यंत आलेले, हातात काठी, पण टेकत नव्हती. रखवालदाराला हटकण्यापुरतीच होती.

"तू बोलनी व्हती, धरी आनस. कथा शेतस त्या? माले दाखाड."

कुठं आहेत त्या पेशी, ते तिला बघायचं होतं. आत बाहेरच्यांना नेत नाहीत. सर समोरून आले, त्यांनी अक्काकडे पाहिलं, घडाकडे पाहिलं आणि निमूटपणे बाजूला झाले. मी तिच्या पायांत कापडी मोजे चढवले आणि तिला दुर्बिणीला जोडलेल्या पडद्यासमोर बसवलं. तिची काचपट्टी जपून ठेवली होती, ती लावली. काळ्या अंधारात एक हिरवं कडं उमटलं, मधे निळा ठिपका.

अक्का पुढं झुकली.

"हाई मन्ही शे?"

"हो अक्का."

"इतलीशी?"

"खरं तर याहून लहान. मोठी करून दाखवलीय."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. भटूभाऊ तिच्या खुर्चीची पाठ धरून उभा होता. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा सोनगीरच्या नाल्यावरचं काहीतरी ठेवणीतलं ऐकवील. तिनं बोट उचलून पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"जित्ती शे का मरेल?"

"मेलेली आहे."

अक्कानं काठी उचलली, पदर सारखा केला आणि उठली.

"चाल," ती भटूला म्हणाली. "एक ते मरी गयी."